मुलांचे वाचन आणि आंतरजालावरील साधने

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात शिक्षण समितीच्या वतीने दिलेले भाषण)



भोजनापूर्वीची वेळ वक्त्यास देणे हे वक्त्यावर आणि श्रोत्यांवर सारखेच अन्यायाचे असते. तथापि दुपारी तीन वाजता भरणाऱ्या सर्वसाधारण सभेपूर्वी काही गोष्टी आपणांपुढे मांडणे अगत्याचे असल्यामुळे कार्यवाहांनी देऊ केलेली ही वेळ आम्ही आनंदाने स्वीकारली आहे.

आपणांस स्मरत असेल की, गतवर्षीच्या संमेलनात मंडळाच्या रविवारच्या वाचनवर्गातील प्रत्येक मुलास एक टॅब द्यावा, असा ठराव संमत झाला होता. त्यासाठी निधीचे आवाहन करण्यात आले आणि त्यास आपण मोठ्या औदार्याने प्रतिसाद दिलात. काही भगिनींनी लग्नकार्यातील आहेराची रक्कमही या निधीत घातली, हे आम्हांस ठाऊक आहे. आज दुपारी तो निधी खर्च करण्यास आपली संमती मागावयाची आहे. टॅबची सूचना मूळ आमचीच होती. भाषणही आमचेच होते आणि टाळ्याही आम्हीच घेतल्या होत्या. तीच सूचना दुरुस्त करून घ्यावी, अशी विनंती करण्यासाठी आज आम्ही उभे आहोत. असे करताना संकोच वाटतो, हे लपविण्यात अर्थ नाही. परंतु ज्या निधीत आपल्या कष्टाचा पैसा आहे तो आमच्या चुकीच्या भरीस घालणे, हे त्याहून अधिक लाजिरवाणे झाले असते.

आमचे मत का बदलले ते सांगतो. आमच्या वर्गात इयत्ता चौथीतील एक मुलगा येतो. त्याचे आईवडील याच सभागृहात बसले आहेत आणि त्यांच्या अनुमतीनेच ही हकीकत सांगत आहोत. मुलाचे नाव मात्र घेत नाही. हा मुलगा पाठ्यपुस्तकातील पाठ अस्खलित वाचीत असे. आवाज खणखणीत, विराम योग्य ठिकाणी, कोठेही अडखळणे नाही. देणगीदार वर्ग पाहावयास आले म्हणजे आम्ही त्यालाच पुढे करीत असू. एके रविवारी तो असाच वाचीत असता पंख्याच्या वाऱ्याने पुस्तकाचे पान उलटले. मुलगा वाचीतच राहिला. बोट नव्या पानावरील ओळींखालून सरकत होते आणि तोंडातून मात्र जुन्या पानावरील वाक्ये येत होती! आम्ही त्याच पाठातील ‘नदी’ हा शब्द फळ्यावर लिहिला आणि त्यास वाचावयास सांगितले. तो बराच वेळ पाहत राहिला आणि म्हणाला, “सर, चित्र दाखवा ना.”

चौकशी करता उलगडा झाला. पुस्तकावरील क्यूआर कोड वडिलांच्या मोबाईलवर उघडून त्याने प्रत्येक पाठाची ध्वनिचित्रफीत कित्येकदा पाहिली होती आणि ऐकून ऐकून सारे पाठ कंठस्थ केले होते. त्याची स्मरणशक्ती दांडगी होती, मेहनतही होती. एक वाचन तेवढे नव्हते. ही गोष्ट आम्हांस, छत्तीस वर्षे प्राथमिक शाळेत शिकविलेल्या माणसास, दीड वर्ष कळली नाही. मुलाने आम्हांस फसविले असे म्हणवत नाही, कारण आपण वाचतो आहोत असेच त्यास प्रामाणिकपणे वाटत होते.

यानंतर आम्ही वर्गातील सर्व मुलांची चाचणी घेतली. ‘असर’ या नावाने ग्रामीण भागातील मुलांच्या वाचनाची जी पाहणी 2005 सालापासून होत आली आहे, तिची चाचणीपत्रे मराठीत आंतरजालावर विनामूल्य मिळतात. एका कागदावर काही सुटी अक्षरे, काही शब्द, पहिलीच्या पातळीचा एक छोटा परिच्छेद आणि दुसरीच्या पातळीची एक गोष्ट असते. मूल कोठपर्यंत पोहोचते ते पाहण्यास पाच-सात मिनिटे पुरतात आणि विशेष प्रशिक्षणही लागत नाही. आमच्या वर्गातील चौथी-पाचवीच्या अकरा मुलांपैकी सात जणांना ती गोष्ट वाचता आली नाही. ही स्थिती केवळ आपल्याच मुलांची आहे असे समजून कोणी खाली मान घालू नये. त्याच पाहणीनुसार ग्रामीण भारतात तिसरीत असून दुसरीचा मजकूर वाचू शकणारी मुले 2018 साली शेकडा 27.3 होती. करोनाच्या काळात शाळा बंद राहिल्यानंतर 2022 साली ती 20.5 झाली आणि 2024 साली पुन्हा 27.1 वर आली. केंद्र सरकारने 5 जुलै 2021 रोजी ‘निपुण भारत’ अभियान सुरू केले. तिसरीच्या अखेरपर्यंत प्रत्येक मुलास समजून वाचता यावे, हे त्याचे उद्दिष्ट असून त्यासाठी 2026-27 हे वर्ष ठरविण्यात आले. अशा उद्दिष्टाचे अभियान योजावे लागले, यावरूनच दुखणे किती पसरलेले आहे ते ध्यानी यावे.

आता वाचन म्हणजे काय याचा थोडा विचार करू, कारण टॅब घ्यावा की न घ्यावा याचे उत्तर त्यातच आहे.

मराठी वाचावयास सोपी, जसे लिहितो तसेच बोलतो, असे आपण अभिमानाने म्हणतो. ते बहुतांशी खरेही आहे. इंग्रजीत 26 अक्षरांत चाळीसहून अधिक ध्वनी कोंबलेले असल्यामुळे त्या मुलांच्या वाट्यास जो गोंधळ येतो, तो आपल्या मुलांच्या वाट्यास येत नाही. परंतु आपल्या मुलांपुढील अडचण निराळी आहे आणि ती मोठ्यांच्या ध्यानात येत नाही. चौतीस व्यंजनांची बाराखडी मांडली तर चारशेच्या वर चिन्हे होतात, आणि जोडाक्षरे त्याहून वेगळी. पुन्हा ही चिन्हे सरळ रांगेत उभी राहत नाहीत. ‘दिवा’ या शब्दात वेलांटी द च्या आधी लिहावयाची आणि नंतर उच्चारावयाची. उकार खाली, मात्रा वर. एकट्या र ची रूपे पाहा: ‘सूर्य’मध्ये तो पुढच्या अक्षराच्या डोक्यावर बसतो, ‘चक्र’मध्ये पायाशी तिरपा होतो, ‘राष्ट्र’मध्ये छत्रीसारखा उघडतो आणि ‘दुसऱ्या’मध्ये आणखीच निराळा दिसतो. ही सारी वळणे अंगवळणी पडण्यास चौथी-पाचवीपर्यंतचा काळ लागला तर त्यात मुलाचा दोष नाही. मात्र त्या काळात त्यास रोज थोडे थोडे, त्याच्या पायरीचे, वाचावयास मिळाले पाहिजे आणि ते ऐकणारे कोणी शेजारी बसलेले असले पाहिजे.

घरोघरी अजून क, ख, ग, घ, ङ या क्रमानेच अक्षरे शिकविली जातात. मोबाईलवर जी अक्षरगीते लावून आपण मुलास जेवू घालतो, त्यांतील पुष्कळशी त्याच क्रमाची असतात. वर्णमालेचा क्रम शास्त्रशुद्ध आहे यात शंका नाही. उच्चारस्थानांची ती मांडणी पाहून जगातील भाषाशास्त्रज्ञांनी आपल्या पूर्वजांचे कौतुक केले आहे. पण ती मांडणी ज्ञात्यासाठी आहे, शिकाऊ मुलासाठी नाही. ङ हे अक्षर मुलास वाचनात क्वचितच भेटते, ते पाचवे, आणि ‘आई’, ‘मामा’ यांना लागणारी अक्षरे मागून येणार! याउलट क, म, ल, ब ही चार अक्षरे आणि काना एवढेच प्रथम शिकविले तर मूल त्याच आठवड्यात काका, मामा, बाबा, काम, लाल, मका, माल, कमाल असे शब्द वाचू लागते आणि ‘बाबाला काम, मामाला मका’ अशी वाक्येही जुळवू लागते. आपण वाचले, आणि जे वाचले ते कळले, हा अनुभव त्यास पहिल्या आठवड्यातच मिळतो. अक्षरगटांची ही रीत आमच्या डोक्यातून निघालेली नाही. मूळच्या अमेरिकेच्या, पण अनेक वर्षे फलटणला राहिलेल्या भाषाशास्त्रज्ञ डॉ. मॅक्सीन बर्नसन यांनी तेथील प्रगत शिक्षण संस्थेत मराठी वाचन-लेखनाचे जे काम उभे केले, त्यापासून आमच्या पिढीतील पुष्कळ शिक्षकांनी धडे घेतले. त्याही आधी ताराबाई मोडक यांनी 1945 साली बोर्डीस आणि 1957 पासून कोसबाडच्या टेकडीवर, अनुताई वाघ यांच्या साहाय्याने, शंख-शिंपले, बिया, पाने यांतून बालशिक्षण उभे केले. तेथे तर विजेचा दिवाही दुर्मिळ होता.

मग आंतरजालाचा उपयोग काहीच नाही काय? तसे आमचे मुळीच म्हणणे नाही. आमच्या उमेदीच्या काळात एका गोष्टीच्या पुस्तकासाठी तालुक्याच्या गावी खेटे घालावे लागत. आज जे भांडार विनामूल्य खुले झाले आहे ते पाहिले म्हणजे, आपण तीस वर्षे उशिरा का जन्मलो नाही, असे वाटते. प्रश्न एवढाच की, या भांडाराच्या किल्ल्या कोणाच्या हाती द्यावयाच्या, मुलाच्या की शिकविणाराच्या?

या भांडारात काय काय आहे ते थोडक्यात सांगतो. बालभारतीची पाठ्यपुस्तके तिच्या संकेतस्थळावरून उतरवून घेता येतात, हे बहुतेकांस ठाऊक आहे. पण त्याच संस्थेच्या ‘किशोर’ मासिकाचे, जे 1971 साली सुरू झाले, जुने अंकही आंतरजालावर वाचावयास ठेवलेले आहेत, हे फारच थोड्या पालकांस ठाऊक असते. पाचवीच्या पुढील मुलांसाठी याहून चांगले मराठी गद्य विनामूल्य कोठे मिळेल, हे आम्हांस सांगता यावयाचे नाही. केंद्र सरकारचे ‘दीक्षा’ हे दालन 5 सप्टेंबर 2017 रोजी, शिक्षकदिनी, सुरू झाले. पुस्तकावरील क्यूआर कोड तेथेच नेतो. त्यातील साहित्याचा दर्जा एकसारखा नाही. काही चित्रफिती उत्तम आहेत, तर काहींत शिक्षक पाठ वाचून दाखवितात आणि मूल ऐकते, एवढेच घडते. आमच्या त्या मुलाची गत अशाच चित्रफितींनी झाली. शिक्षकाने मात्र हे दालन अवश्य पाहावे, कारण तेथे शिक्षकांसाठीही साहित्य आहे. पुण्याच्या आयुका संस्थेत अनेक वर्षे मुलांसाठी विज्ञानाची खेळणी घडविणारे अरविंद गुप्ता यांच्या संकेतस्थळावर मराठी बालपुस्तकांचा आणि शिक्षणविषयक ग्रंथांचा मोठाच साठा आहे. पालघर जिल्ह्यातील सोनाळे येथून काम करणाऱ्या ‘क्वेस्ट’ या संस्थेने प्रारंभिक वाचन-लेखन कसे शिकवावे याविषयी मराठीतून शिक्षकांसाठी साहित्य तयार केले आहे. आमच्या वर्गातील दोघी शिक्षिकांनी प्रथम तेच पाहावे, असा आमचा आग्रह असतो.

इंग्रजीत तर अशा साधनांचा पूर आहे. अमेरिकेतील ‘रीडिंग रॉकेट्स’ किंवा तेथील इंग्रजी-शिक्षकांच्या राष्ट्रीय परिषदेचे ‘रीडराइटथिंक’ ही संकेतस्थळे उघडली तर वर्गात वाचन शिकविण्याच्या शेकडो युक्त्या पाठासह तयार मिळतात. त्यांचा उपयोग मात्र तारतम्याने करावा. त्यांतील इंग्रजी अक्षर-ध्वनींचे धडे आपल्या लिपीस लागू पडत नाहीत. ते जसेच्या तसे उचलणारे शिक्षक आम्ही पाहिले आहेत, आणि त्यांच्या वर्गातील मुले ‘कमळ’ हा शब्द तीन तुकडे करून असा वाचतात की त्यातील कमळ नाहीसेच होते. परंतु गोष्टीचे मुखपृष्ठ दाखवून पुढे काय घडेल ते विचारणे, मोठ्याने वाचताना मध्येच थांबून मनात काय आले ते मुलांस सांगणे, वाचून झाल्यावर गोष्ट आपल्या शब्दांत सांगावयास लावणे, या युक्त्या कोणत्याही भाषेत चालतात. आपल्या आजीने पुस्तकाशिवाय त्याच वापरल्या होत्या.

या सर्वांत ज्याचा आम्हांस सर्वाधिक उपयोग झाला त्याविषयी थोडे विस्ताराने बोलण्याची परवानगी असावी. बंगळूरच्या ‘प्रथम बुक्स’ या संस्थेने 2015 साली ‘स्टोरीवीव्हर’ नावाचे गोष्टींचे दालन सुरू केले. त्यात शेकडो भाषांतील, काही आदिवासी बोलींतीलही, सचित्र गोष्टी आहेत आणि मराठी गोष्टींची संख्या चांगली भरघोस आहे. त्या कोणीही वाचाव्या, छापाव्या, वाटाव्या, भाषांतरित कराव्या. लेखक-चित्रकारांचे नाव द्यावे, एवढीच मुख्य अट. गोष्टींचे चार स्तर केलेले आहेत. पहिल्या स्तरात सोपे, पुन्हा पुन्हा येणारे शब्द असतात, तर चौथ्या स्तरात सराईत वाचकासाठी मोठ्या गोष्टी असतात. गुण सांगितले तसा एक दोषही सांगितला पाहिजे. पुष्कळ भाषांतरे हौशी मंडळींनी केलेली असल्यामुळे काही गोष्टींची मराठी अवघडलेली आहे. म्हणून कोणतीही गोष्ट वर्गात नेण्यापूर्वी शिक्षकाने ती मोठ्याने वाचून पाहावी. जीभ अडखळली तर गोष्ट बाजूस ठेवावी.

चाचणीनंतर आम्ही मुलांचे इयत्तेप्रमाणे केलेले गट मोडले आणि पायरीप्रमाणे नवे गट केले. चौथीतला मुलगा दुसरीतल्या मुलीशेजारी बसला. काही पालकांस हे आवडले नाही. एका भगिनीने तर “माझ्या मुलाला खाली का उतरविले, गुरुजी?” असे डोळ्यांत पाणी आणून विचारले. आम्ही त्यांना समोर बसवून मुलाकडून वाचून घेतले. त्या काही बोलल्या नाहीत. पुढच्या रविवारी मात्र मुलास वेळेपूर्वी घेऊन आल्या.

मग पहिल्या स्तराची एक छोटी गोष्ट निवडून तिच्या प्रती छापून घेतल्या. पहिल्या रविवारी केवळ चित्रे पाहिली आणि आम्ही गोष्ट वाचून दाखविली, शब्दाखाली बोट सरकवीत. दुसऱ्या रविवारी पुन्हा येणारी ओळ आली की मुले ती आमच्याबरोबर म्हणू लागली. येथवर आमचा तो मुलगा सर्वांत पुढे होता, कारण गोष्ट त्यास पाठ झालीच होती! तिसऱ्या रविवारी आम्ही एका प्रतीतील वाक्ये कात्रीने कापून शब्द सुटे केले आणि ती पुन्हा जुळवावयास दिली. आता पाठांतर कामास येईना. शब्दाकडे पाहावेच लागले. दुसरीतली ती मुलगी त्यास हळूच सांगे, “अरे, ह्याला वेलांटी आहे, बघ.” चौथ्या रविवारी आम्ही मुलांस त्यांची स्वतःची गोष्ट सांगावयास लावली आणि त्यांच्याच शब्दांत कागदावर लिहून दिली. त्या मुलाने वडिलांचा टेम्पो पावसात चिखलात अडकला त्याची हकीकत सांगितली. पुढील आठवड्यात त्याने जी जोडाक्षरे स्वतः वाचली, त्यांत पहिले ‘टेम्पो’मधील होते. पाठ्यपुस्तकातील ‘स्वच्छ’ त्यास तोवर येत नव्हते. पण टेम्पो त्याच्या घरचा होता.

या साऱ्या खटाटोपात यंत्रे किती लागली? शिक्षकाजवळ एक मोबाईल आणि शेजारच्या झेरॉक्सच्या दुकानातील एक छपाईयंत्र. मुलाच्या हाती कागदच होता.

हा आमच्या एका वर्गाचा अनुभव झाला. त्यावरून निधीचा निर्णय करावा असे आम्ही म्हणणार नाही. परंतु जगात अन्यत्र काय घडले तेही पाहण्यासारखे आहे. दक्षिण अमेरिकेतील पेरू देशाच्या सरकारने ग्रामीण शाळांतील मुलांस प्रत्येकी एक लॅपटॉप देण्याची मोठी योजना राबविली. 319 शाळांच्या अभ्यासाचे निष्कर्ष 2012 साली प्रसिद्ध झाले. यंत्रे पोहोचली, मुलांनी ती वापरलीही, परंतु सुमारे सव्वा वर्षानंतर गणितात वा भाषेत प्रगतीचा पुरावा आढळला नाही. याउलट ‘प्रथम’ संस्थेने 2001 ते 2003 या काळात मुंबई आणि वडोदरा येथील पालिका-शाळांत जे ‘बालसखी’ वर्ग चालविले, त्यांत वस्तीतीलच शिकलेली तरुणी मागे पडलेल्या मुलांचा लहान गट घेऊन रोज दोन तास बसे. त्या वर्गांच्या परीक्षणात मुलांची प्रगती स्पष्ट दिसली. हे परीक्षण करणाऱ्यांत अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो होते, ज्यांना पुढे 2019 साली अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. आपल्या बाजूस अडचणीची वाटेल अशी एक गोष्टही येथे सांगितली पाहिजे. त्याच अभ्यासात वडोदऱ्यास मुलांना आठवड्यातून दोन तास संगणकावर गणिताचे खेळ दिले होते, आणि गणितात त्यांची प्रगती चांगली झाली. भाषेत मात्र झाली नाही. तेव्हा यंत्र निरुपयोगी आहे असे कोणी म्हणू नये. पुढेमागे गणितासाठी टॅबचा विचार करावयाचा झाल्यास आम्ही विरोध करणार नाही.

आता घरासंबंधी दोन शब्द. आपल्या बहुतेक घरांत चांगला मोबाईल एकच असतो आणि तो कमावत्या माणसाबरोबर दिवसभर बाहेर असतो. रात्री तो घरी येतो तेव्हा मुलाचे डोळे मिटू लागलेले असतात, आणि उरलेल्या वेळेवर व्हॉट्सअ‍ॅपमधील सुप्रभाताच्या फुलांचा हक्क असतो. (यात आम्हीही आलोच.) त्यातील दहा मिनिटे मुलास मिळावीत. मुलास मोबाईल हाती देऊन बाजूस बसवू नये. एक गोष्ट उघडून दोघांनी मिळून पाहावी. ज्या मातांना वाचता येत नाही त्यांनी यातून अंग काढून घेण्याचे कारण नाही. मुलास वाचावयास सांगावे, ऐकावे आणि “मग पुढे काय झाले?” एवढे विचारावे. हा प्रश्न विचारण्यास अक्षरओळख लागत नाही, आणि मूल केवळ उच्चार करते आहे की त्यास कळते आहे, हे याच प्रश्नाने उघड होते. गाणी पाहावयाची तर पडद्यावर मराठी शब्द उमटणारी पाहावीत. गाण्याच्याच भाषेत शब्द पडद्यावर दाखविले तर लोकांचे वाचन आपोआप सुधारते, ही कल्पना ब्रिज कोठारी यांनी 1996 साली मांडली आणि दूरदर्शनवरील चित्रपटगीतांच्या कार्यक्रमांत ती पुढे वापरली गेली. गाणे पाठ असते, म्हणून डोळा शब्दावर टिकतो. आमच्या मुलाने पाठ केले आणि शब्दाकडे पाहिलेच नाही. येथे शब्द गाण्याबरोबर धावत असल्याने पाहणे घडते, हा त्यातील भेद.

आमच्या दुरुस्तीचा आशय असा आहे. वर्गातील मुलांसाठी टॅब घेऊ नयेत. शिक्षिकांसाठी दोन घ्यावेत. एक छपाईयंत्र घ्यावे आणि त्याच्या शाईसाठी वर्षाची तरतूद ठेवावी, कारण यंत्र घेतले आणि शाईवाचून धूळ खात पडले असे मंडळाच्या कचेरीत यापूर्वी घडले आहे. उरलेल्या रकमेतून वर्ग चालविणाऱ्या दोघी मुलींस मासिक मानधन द्यावे आणि वर्ग रविवारऐवजी आठवड्यातून चार सायंकाळी भरवावा. त्या दोघी आज जाण्यायेण्याचे भाडेही स्वतःच्या खिशातून देतात. त्यांतील एकीचे लग्न ठरत आहे, आणि मानधन नसेल तर तिच्या सासरचे लोक तिला येथे येऊ देतील असा भरवसा तिलाच वाटत नाही. तिच्यासारखी शिकविणारी गेली तर आम्हांस दुसरी मिळविण्यास वर्ष लागेल.

यास आक्षेप आहेत आणि ते रास्त आहेत. देणगीदारांनी टॅबसाठी पैसे दिले, ते मानधनावर खर्च करणे योग्य होईल काय? म्हणूनच आम्ही हा विषय समितीत न मिटविता सभेपुढे आणला आहे, आणि ज्यांस आपली देणगी परत हवी असेल त्यांस ती विनातक्रार परत करावी, असे कलम दुरुस्तीत घातले आहे. दुसरा आक्षेप असा की, टॅबवाटपाचा समारंभ होतो, छायाचित्र येते, मंडळाचे नाव होते. छापलेल्या कागदाचा समारंभ कसा करावयाचा? यास आमच्याजवळ उत्तर नाही.

दाराजवळच्या मेजावर मुलांनी सांगितलेल्या आणि शिक्षिकांनी लिहून घेतलेल्या बावीस गोष्टींच्या पुस्तिका मांडल्या आहेत. टेम्पोची पुस्तिका त्यांतच आहे. भोजनास जाताना त्या चाळाव्यात. मुले तेथेच उभी आहेत. हवे ते पान उघडून त्यांस वाचावयास सांगावे, आणि वाटल्यास मध्येच पान उलटून पाहावे. दुरुस्तीची प्रत आम्ही कार्यवाहांकडे दिली आहे. तीवर सूचकाची सही झाली आहे, अनुमोदकाची जागा अद्याप रिकामी आहे.